कोपऱ्यातला अंगठा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. झालं तेवढं लिहितो.

१९९२ साल. आम्ही इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत राहायचो, अजूनही तिथेच आहोत. कॉलेजात माझ्याबरोबर शिकलेला लिऊ चीनला परत गेला होता. त्याच्या आग्रहावरून सप्टेंबरात तिकडची जुनी गावं बघायला मी एकटाच गेलो. शेवटचा मुक्काम त्याच्या गावी, पिंगयाओला. तटाच्या आत सगळं जसंच्या तसं — करड्या विटांची घरं, उंचच्या उंच उंबरठे.

निघायच्या सकाळी लिऊचे बाबा गुळगुळीत दाढी करून, निळ्या कोटाची गळ्यापर्यंत बटणं लावून अंगणात खुर्चीवर येऊन बसले.

"फोटो काढ म्हणतायत," लिऊ म्हणाला. "गेल्यावर भिंतीवर लावायला. ओळखपत्रावरच्या फोटोत चोरासारखे दिसतात."

काढला. एकच, रोल संपला.

"आठवड्याभरात पाठवतो."

"तू? लायब्ररीचं एक पुस्तक तरी वेळेवर दिलंस का कधी?" लिऊ हसला. मग हळू आवाजात — "खरंच पाठव रे. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत."

घरी परतल्यावर रोल धुऊन आणला. फोटो छान आला होता, फक्त खालच्या कोपऱ्यात माझा अंगठा. त्यांना मोठा करून घेता यावा म्हणून निगेटिव्हही पाकिटात घातली. पाकीट चिकटवलं, पत्ता, स्टँप, सगळं केलं आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. पोस्टाची पेटी समोरच्या फुटपाथवर होती. आज टाकू, उद्या टाकू... कारण विचाराल तर नाही सांगता येणार.

"अहो, त्यांचा फोटो पाठवलात का?" ही विचारत राहायची. नोव्हेंबरात एकदा म्हणालो, "हो, गेला."

मार्चमध्ये लिऊचं पत्र आलं. हिनेच फोडून मोठ्याने वाचलं. "फोटो वेळेवर पोचला. बाबांनी स्वतः पाहिला, म्हणाले, आता ठीक. चार दिवसांनी गेले. फ्रेमवाला तुझा अंगठा कापायला निघाला होता, मी कापू दिला नाही. तेवढाच तू आमच्या घरात."

सोबत त्यांच्या भिंतीचा छोटासा फोटो. फ्रेममध्ये बाबा, कोपऱ्यात अंगठा.

"बघा, किती बरं झालं पाठवलात ते," ही डोळे पुसत म्हणाली. मी चहा पीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरचं कुलूप उघडलं. किल्ली एकच, माझ्याकडे. पाकीट होतं तिथेच, चिकटवलेलं, स्टँपवर शिक्का नाही. फोडलं. फोटो आत. निगेटिव्हही आत. दुसरी प्रिंट मी काढलेलीच नव्हती.

भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. पाकीट परत ठेवून मी मीटिंगला गेलो. लिऊला दोन ओळी लिहिल्या — "त्यात काय एवढं." आभार घेऊन टाकले.

तो फोटो कसा पोचला, मला आजही माहीत नाही. पाकीट अजून माझ्याकडेच आहे. लिऊला एक फोटो द्यायचा राहिलाय, आणि हिला एक खरं उत्तर.