कोऱ्या चहाचा वार

वाशीला आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा माझं लग्न अजून नवंच होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. ह्यांची नोकरी वाशीजवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागली आणि खाडी ओलांडायला निमित्त मिळालं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. "दिवाळीपर्यंत राहून बघा. घर चालवता आलं नाही तर मुकाट्यानं दादरला परत यायचं," असं त्यांनी बजावलं होतं. मला परत जायचं नव्हतं. दादरच्या दोन खोल्यांत इतकी माणसं होती की साखरेचा डबा उघडायचा तरी मी कुणाला तरी विचारायची.

इथे सगळे डबे माझे. आणि पहिल्याच आठवड्यात मी दुधाची बाटली फोडली.

ज्यांनी पिशवीतलंच दूध पाहिलंय त्यांना हे सांगायला हवं. तेव्हा सरकारी दूध जाड काचेच्या बाटलीतून यायचं, वर चकचकीत पातळ बूच. आदल्या दिवशीची रिकामी धुऊन परत केली तरच भरलेली हातात पडायची. आमच्या दुधाच्या कार्डावर एकच बाटली, ती मोरीत साबणाच्या हातातून निसटली. सकाळी नुसतं कार्ड घेऊन केंद्रावर गेले. तिथल्या बाईंनी मानही वर केली नाही. "रिकामी नाय तर भरलेली नाय. डिपॉझिट भरा, अर्ज करा. नवीन आली की मिळेल."

कधी येते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. रडू यायला लागलं मला. रांगेत मागे समोरच्या दारच्या काकू होत्या, रत्नागिरीकडच्या. त्यांनी आपली रिकामी बाटली माझ्या हातात कोंबली. "घे गो. आज आमी कोरा चा पिऊ. कोणी मरत नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांची बाटली त्यांना परत केली आणि मी पुन्हा रिकाम्या हातानं उभी. मग काकूंनीच मजल्यावरच्या चारही घरांना वार लावून दिले. ज्या घराचा वार, त्या घरात त्या दिवशी बाटली नाही. काकूंना एकच वार, कारण पहिली बाटली त्यांनी दिली होती. आम्हाला रविवारही, कारण फोडली आम्ही.

गंमत अशी की कोऱ्या चहाच्या वारी कोरा चहा कुणीच प्यायलं नाही. बाकीच्या तीन दारांतून दूध यायचं, कुणाचं वाटीत, कुणाचं फुलपात्रात, आणि दुधाबरोबर गप्पाही यायच्या. आम्ही अर्ज केला, डिपॉझिट भरलं, पण नवीन बाटलीचा पत्ता नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला घाईही नव्हती.

सासूबाई न कळवता येणाऱ्यांतल्या. आल्या त्या नेमक्या रविवारी, पहिल्या बसनं. पिशवी टेकवतात तोच म्हणाल्या, "चहा टाक." हे बिचारे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. मी आधण ठेवलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, ओट्यावरून नजर फिरवली. "दूध कुठाय?"

मी तोंड उघडायच्या आत बेल वाजली. काकू, हातात वाटी. "पाहुणे दिसले खिडकीतून, म्हणून सायीसकट आणलं." त्या बसल्या. मग शेजारची, मग जिन्यालगतची. चहा एवढा दाट झाला की ह्यांनी मिशी पुसली.

सगळ्या गेल्यावर सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "तुझ्या घरी दूध लोक का आणून देतात?" मी सगळं सांगून टाकलं, मोरीपासून वारांपर्यंत. त्यांच्या कपाळाला आठी पडली. संध्याकाळच्या बसनं त्या निघून गेल्या. आता दादरला परत यायचं बोलावणं येणार, असं धरून मी रात्री पत्र्याची ट्रंक पलंगाखालून ओढूनही ठेवली.

पुढच्या रविवारी पुन्हा बेल. सासूबाईच. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली दुधाची रिकामी बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. गणपतीत पाहुण्यांसाठी वाढवून घेतलेल्या कार्डावरची, शिल्लक राहिलेली. मला इतका आनंद झाला की मी ती तशीच घेऊन काकूंना दाखवायला निघाले.

"थांब," त्या म्हणाल्या. दार त्यांनी स्वतः लोटून घेतलं. "कपाटात मागे ठेव ती. कुणाला सांगू नकोस. दादरला एवढी माणसं, पण इतक्या वर्षांत माझ्याकडे वाटी घेऊन कुणी आलं नाही."

मग पदर खोचून त्या मोरीकडे वळल्या. "आधण ठेव. येतीलच आता तुझ्या बायका."