डॅन्यूबवरून आलेले काका

अमेरिकेतल्या आमच्या शहरात, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मी ग्रीन कार्डाच्या वर्षानुवर्षांच्या रांगेविरुद्ध पत्रकं वाटतो. तिथे दर शनिवारी एक काका भाजीला येतात. अमेरिकन पासपोर्टवाले. सायकलीचं बोलताना ब्रेक दाबल्यासारखी बोटं आवळतात.

“डॅन्यूब नदीकाठच्या सायकल ट्रिपच्या शेवटच्या दिवशी व्हिएन्ना दिसलं आणि मी उतरलोच. नदीकाठानं सायकल ढकलत चालत गेलो. ट्रिप संपूच नये असं वाटत होतं रे.”

माझा जळफळाट झाला. “काका, मी पाच वर्षं घरीसुद्धा गेलो नाही. तिकडे गेल्यावर परतीचा व्हिसा अडकला तर इथली नोकरी गेली.”

काका माझ्या हातातली निम्मी पत्रकं घेऊन दुकानाच्या दारात उभे राहिले. मला टाळून गेलेली माणसं त्यांच्याकडून हसत पत्रक घेत होती. मला त्याचाही हेवा वाटला.