पोरांनो, कारखान्यात या!

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे हे किस्से साठलेत. कितीही झाडा, खाली नवा ढीग तयार! शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. ट्रॅक्टरचे पार्ट बनायचे. नव्वदनंतर काम वाढलं, पण शिकायला पोरं मिळेनात. मग साहेबांनी लेथवरचे टर्नर बाबूराव कांबळे आणि मला शाळाशाळांतून धाडायला सुरुवात केली. पोरांना कारखान्याची गोडी लावायची! खरं तर हे किस्से बाबूरावांनी रंगवून सांगायचे. आता ते नाहीत, म्हणून मी सांगतोय.

* * *

पहिली शाळा हातकणंगल्याची. बाबूराव अगदी तळमळीनं बोलले. मग विचारलं, "कोण कोण येणार कारखान्यात?" एक हात वर नाही! मागनं एक पोरगं उठलं, "सर, तितं नापास झालेलीच जात्यात न्हवं?"

अख्खा वर्ग हसला. बाबूरावही हसले. परतीच्या एसटीत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "त्या पोराचं काय चुकलं न्हाय. माझा थोरलाबी घरात ह्येच म्हणतोय."

* * *

मुरगूडला भाषण संपलं आणि सुनीता नावाची दहावीतली पोरगी जवळ आली. "काका, पोरींना घेतासा काय?"

"न घ्यायला काय झालं?" बाबूराव म्हणाले खरे, पण तिचा बाप तयार होईना. बाबूराव सुट्टीदिवशी त्याच्या दारात जाऊन बसायचे. बाप म्हणायचा, "पावणं, हाताला ऑइलचा वास आला तर पोरीला स्थळ यील काय?"

"माझी बायको रोज म्हशीचं शेण काढती. मी सोडलीय काय तिला?"

बाप हसला आणि तिथंच फसला! सुनीता आयटीआय करून आमच्याकडं अप्रेंटिस म्हणून आली.

* * *

कारखान्यात बायकांसाठी टॉयलेटच नव्हतं. पोरगी दिवसभर पाणी प्यायची नाही. हे लक्षात आलं तसे बाबूराव थेट साहेबांच्या केबिनमध्ये! "साहेब, तुमच्या टॉयलेटची किल्ली द्या. लेक हाय माझी."

साहेबांनी मुकाट्यानं दिली. त्यांना कितीतरी दिवस वाटायचं, खरंच बाबूरावांची लेक!

* * *

अप्रेंटिसशिप संपली आणि बापानं तिचं लग्न ठरवलं. शिरोळकडचं बागायतदार घर. नोकरी करायची नाही, ही सासरची अट. बाबूरावांनी आहेरात काय द्यावं? माप घ्यायचा व्हर्नियर! बायका कुजबुजल्या, "ह्यो कसला दागिना म्हणायचा?" सुनीता तो छातीशी धरून रडली.

पुढं ती मला जयसिंगपूरच्या बाजारात भेटली. "व्हर्नियर हाय का गं?"

"हाय की, काका! खंडेनवमीला सासूबाई हळदकुंकू वाहत्यात त्याला."

"आणि मग?"

"मग परत कपाटात."

* * *

नवं शतक लागलं आणि मंदी आली. साहेब म्हणाले, "बाबूराव, नवी पोरं कमी करायचीत. तुम्ही आणलीत, तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील."

बाबूरावांनी सगळ्यांना गेटजवळच्या कडुलिंबाखाली गोळा केलं. हजेरी घेतली, मग परत पहिल्यापासून घेतली. शेवटी एक पोरगाच म्हणाला, "काका, तुमी बोलू नगासा. आमास्नी कळलंय."

आणि पोरांनीच त्यांना पाणी आणून दिलं!

* * *

मग आमच्याही गेटला कुलूप लागलं. नेमकं पुढच्याच आठवड्यात कागलजवळच्या एका शाळेत आमचं भाषण ठरलेलं. मी म्हटलं, "हेडमास्तरांना फोन करून नाही म्हणूया."

"सबूद दिलाय न्हवं?" बाबूराव इस्त्रीचा युनिफॉर्म घालून स्टँडवर हजर! खिशावर कारखान्याचं नाव तसंच.

त्या दिवशी ते जसे बोलले, तसे कधीच बोलले नव्हते. टूलखालनं लोखंड रिबिनीसारखं कसं सुटतं, आपल्या हातचा पहिला पार्ट घरी आईला दाखवावासा कसा वाटतो... पोरं ऐकतच राहिली. पुढच्या बाकावरचा एकजण उठला. "सर, दहावी झाली की मी तुमच्याच कारखान्यात येऊ?"

मी खाली मान घातली.

बाबूरावांनी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. "ये की, बाळा! पण घाई करू नगंस. चांगलं शिकून, सावकाश ये."