एका नवऱ्याच्या दोन बायका

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, आणि माहेरचं नाव उरलं ते आईच्या तोंडी आणि डिग्रीवर. दुबईत कित्येक वर्षं घरी काढल्यावर ऊद मेथा भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवायची संधी आली. आधी वर्गावर एक तास घेऊन दाखवायचा होता. ही नोकरी मला हवीच होती.

विषय मुख्याध्यापिकेने दिला होता. ती लेबनानची. इंग्लंडहून अमेरिकेत वस्ती करायला गेलेल्या प्युरिटन या कडक धार्मिक पंथातल्या एका बाईचं आयुष्य शोधून सांगायचं. हाताशी त्रोटक नोंदी. जहाजातून नवऱ्याबरोबर उतरली तेव्हा तिचं एक नाव. पुढे त्याच माणसाची बायको म्हणून दुसरं, मग चार मुलं. मी रंगात येऊन तिची थंडी सांगितली, मक्याचं शेत सांगितलं, म्हातारपणही सांगितलं.

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅम, हाउ डू यू नो इट्स द सेम वुमन?"

"सासरी नाव बदललं असेल," मी इंग्रजीत बोलून गेले.

"फर्स्ट नेम टू?"

तिथे बायकांचं फक्त आडनाव बदलतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण दोन नावं पाहिली आणि मी डोळे झाकून एकच बाई धरली. म्हणजे पहिली बहुधा मेलीच होती, आणि मी तिला परस्पर नातवंडांपर्यंत नेऊन पोचवलं होतं. मागे मुख्याध्यापिका काहीतरी लिहीत होती. रेटून नेण्याची हिंमत झाली नाही. "चुकले मी," म्हटलं. "ही दुसरी बाई."

नोकरी गेली असं धरूनच ऑफिसात गेले. तिथला क्लार्क माझे कागद उलटसुलट करत बसला होता.

"मॅडम, डिग्री पे नाम अलग, पासपोर्ट पे अलग. ये किसकी डिग्री है?"

"मेरी. शादी में नाम बदला."

"सरनेम बदलता है मॅडम. ये तो पूरी दूसरी लेडी है."

मला संताप आला. तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात आली.

"आमच्याकडे बाई मरेपर्यंत बापाचं नाव सोडत नाही," ती त्याला इंग्रजीत म्हणाली. "आज वर्गात हिने जी चूक केली, ती स्वतःचं नाव गेलेली बाईच करेल. डिग्री हिचीच आहे. नाव बदलल्याचा कोर्टाचा कागद नंतर आणेल, फाइल पुढे पाठव. यल्ला, चल लवकर."

खाली उतरून आईला फोन लावला. "आई, नोकरी लागली."

"कुठल्या नावाने गं?" तिने विचारलं.

"पासपोर्टवरच्या," मी म्हटलं, आणि भर रस्त्यात मला त्या जहाजातून उतरलेल्या पहिल्या बाईसाठी रडू आलं.