रुबीना आपांचा डाव

रुबीना आपांशी माझी ओळख झाली ती नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. डबा बाजूला सारून त्यांनी वीस बाजूंचा एक फासा माझ्यापुढे ठेवला आणि ओळखदेख नसताना विचारलं, "समोर बंद दार हाय. आतून कुनीतरी रडतंय. काय करता?"

"दार वाजवतो," मी म्हणालो.

त्या हसल्या. "बाकीचे समदे लाथ मारत्यात. सुट्टीला घरी या."

आपा ड्रॉइंग ऑफिसात होत्या. मूळच्या कर्जतच्या, तिकडची बोली त्यांनी कधी सोडली नाही. सुट्टीच्या दुपारी त्यांच्या घरी सतरंजीवर आमचा खेळ चाले. आपा गोष्ट सांगायच्या, आम्ही तिच्यातली माणसं व्हायचो आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. मी चोर, कारखान्यातलाच विल्सन योद्धा आणि अकाउंट्समधली सुजाता जखमा भरणारी वैद्य. नियमांचं पुस्तक जुनं होतं. त्यात जखम भरायला कितीतरी दिवस लागत, म्हणून लढाई संपली की सगळे सुजाताकडे धावत. ऑफिसात कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली ती मुलगी तिथे हुकूम सोडायची, "गप पडून राहा. हात पुढे कर."

मग खेळाची नवी आवृत्ती आली. विल्सननेच ती हौसेनं मागवली. चित्रं रंगीत, आकडेमोड कमी, आणि रात्रभर झोपलं की सकाळी सगळ्या जखमा भरलेल्या. गोष्ट भरभर पुढे सरकू लागली. आम्ही खूष होतो. सुजाता मात्र फासा नुसता हातात फिरवत बसायची. पुढे ती यायचीच थांबली.

आपा मला स्कूटरवर मागे बसवून तिच्या घरी गेल्या.

"नव्या नियमांत मला कामच नाही, आपा," सुजाता म्हणाली. "जुनं पुस्तक काढा ना."

"काढीन की. पर खरं सांग, तुला जखमा भरायच्यात, का आमी तुला हाक मारावी असं वाटतं?"

"हाक मारावी," ती म्हणाली.

पुढच्या डावात पुस्तक नवंच होतं. लढाईनंतर विल्सन म्हणाला, "मी झोपतो."

"झोप की," आपा म्हणाल्या. "पर एवढं भ्यालेल्या मानसाला झोप लागती व्हय? वैद्यबाई उशाशी बसून बोलल्याबिगर आज कुनालाच झोप न्हाई."

हा नियम कुठल्याच आवृत्तीत नव्हता. सुजाता विल्सनकडे वळली. "कशाची भीती वाटते?"

विल्सन थट्टेत राक्षसांबद्दल काहीतरी बोलू लागला आणि मध्येच थांबला. मग हळूच म्हणाला, "घरी गेल्यावर कुणी नसेल, याची." त्याची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. सुजाता त्याच्याशी बोलत राहिली, जखमी योद्ध्याशी बोलावं तसंच. आपांनी फासा मुठीत धरून ठेवला होता.

निघताना मी आपांना विचारलं, "पुस्तकात नसलेलं असं चालतं?"

"पुस्तकवाल्यानं तुमाला पाह्यलंय का? मी पाह्यलंय."

पुढे आईच्या आजारपणासाठी आपा नोकरी सोडून कर्जतला गेल्या. सतरंजीवरच्या त्या दुपारी मला अजून आठवतात. डाव आता सुजाता चालवते. मधल्या काळात आणखी एक आवृत्ती आली आहे. यंदा ईदनंतर आपा नगरला आल्या आणि पहिल्यांदाच आमच्यात खेळाडू म्हणून बसल्या.

"मला काय काय करता येतं, सांग," त्या सुजाताला म्हणाल्या.

सुजाता सांगत गेली. आपांनी चष्मा लावून, नवशिक्यासारखं, सगळं ऐकून घेतलं. पूर्वी कसं होतं, हा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.