जाड टायरची सायकल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सायकलला कॅरिअर बसवलं. टेमघरला आमच्या घरापुढे ओटा होता, त्याच्या कडेला. मी वरून बोल्ट घालत होतो आणि बायको खाली उकिडवी बसून पान्याने नट धरत होती. मी बोल्ट फिरवला की तिच्या हातातला पानापण फिरायचा.

"घट्ट धर की."

"धरलाय. तुमीच कुस्ती खेळताय त्याच्याशी."

कॅरिअर साध्या सायकलचं आणि सायकल नव्या पद्धतीची, त्यामुळे पट्टीत आणि नळीत फट राहायची. कॅरिअर खडखड वाजायचं. मी मागावर जॉबर होतो, म्हणजे पॉवरलूम बिघडला की दुरुस्त करणारा, पण माझ्या डोक्यात काही येईना. तिने माझ्या पिशवीतून मागाच्या पट्ट्याचा एक चामड्याचा तुकडा काढला आणि म्हणाली, "हे घाला मधी." घातलं. खडखड गेली. मग तिने दोन्ही हातांनी कॅरिअर दाबून बघितलं आणि सायकल स्टँडवर असतानाच वर चढून बसली. लुगडं सावरून, एका बाजूला पाय सोडून. उभ्या सायकलवर.

"चला, बसले. देवीला कवा न्यायचं?"

"शुक्रवारी. माग बंद असतात."

"चेनीला कारखान्याचं तेल लावू नका. रुई धरंल."

"तू उतर आता, स्टँड वाकंल."

उतरली, आत गेली, चहा टाकला. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली म्हणून शेजारणीने रिक्षात घातलं. मला निरोप मिळून मी निजामपुऱ्यातल्या कारखान्यातून निघेपर्यंत संपलं होतं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली नव्या नव्या निघाल्या होत्या. डोंगरात चालवायची सायकल म्हणायचे तिला. आमच्याकडे कुठला डोंगर? पण आमचा कल्याण रोड डोंगरापेक्षा वाईट होता. ट्रक आणि टेम्पोंनी रस्त्याची चाळण करून टाकलेली. बायकोचं माहेर कोनला, त्याच रस्त्यावर पुढे. लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी तिला माझ्या काळ्या सायकलवर मागे बसवून माहेरी न्यायचो. तरुणपणी तिला काही वाटायचं नाही. पुढे पुढे प्रत्येक खड्ड्याला शिव्या द्यायला लागली, खड्ड्याला आणि मलापण. घरी आली की कंबर धरून भिंतीला टेकायची. रिक्षाने जा म्हटलं तर म्हणायची, "रिक्षात अनोळखी मानसांना चिकटून बसायला मी काय सुकटीची पाटी हाय?"

म्हणून मी ती सायकल बांधली. शेठच्या मुलाची टाकून दिलेली फ्रेम गोदामात पडली होती, ती मागून घेतली. रिमा, टायर, हब, पायडल जमेल तसं आणलं. चाकाच्या तारा तिनेच ओवल्या. आयुष्यभर तिने कांड्या भरल्या होत्या, म्हणजे विणायचं सूत नळीवर गुंडाळायचं काम, त्यामुळे तिच्या बोटांना सवय. मी चाक डुलतंय का बघायचो आणि ती खडूने खूण करायची. शेजारी राहणारा यूपीचा कारीगर रोज येताजाता विचारायचा, "चाचा, जहाज कब निकलेगा?" बायको त्याला सांगायची, "निकलेगा तो तेरेकू नहीं बिठाएंगे."

तर सायकल झाली तयार आणि बसणारी गेली.

आमच्यात अशी रीत आहे की नवी गाडी घरात आली, मग सायकल का असेना, तर पहिली फेरी गावदेवीला. नारळ फोडायचा, हळदकुंकू लावायचं, मग ती कामाला न्यायची. बायकोने ठरवलं होतं पहिली फेरी कोनच्या देवीला, कारण मोठी झाली ती त्या देवीपुढे. आता घरात सुतक. सुतक संपलं तरी वर्ष झाल्याशिवाय कसलं नवं करायचं नाही. मला ते बरं पडलं. कुणी विचारलं की सांगायचो, वर्ष व्हायचंय.

खरं सांगायचं तर वर्षाचा काही संबंध नव्हता. मला ती चालवायचीच नव्हती. सायकल बांधताना मी रात्रपाळी करून आलो तरी झोपायच्या आधी तिला हात लावायचो. आता समोर उभी असायची आणि मला तिच्यात काही दिसायचं नाही. लोखंड, रबर. ज्या कंबरेसाठी बांधली ती कंबर राहिली नाही, मग जाड टायर काय चाटायचे?

एकदा प्रयत्न केला. पावसाळा संपला होता, सकाळची शिफ्ट होती, म्हटलं देवी समजून घेईल, नेऊ कामाला. बाहेर काढली, टांग टाकली. माझी सवय अशी, की निघायच्या आधी मान न वळवता विचारायचं, "बसलीस?" मग ती पाठीवर थाप मारायची, मग मी पायडल मारायचो. त्या दिवशीपण तोंडातून निघालं. "बसलीस?" गल्लीत दोघंतिघं नळावर पाणी भरत होते, सगळ्यांनी माना वळवल्या. मी उतरलो, सायकल परत ओट्याजवळ लावली आणि निजामपुऱ्यापर्यंत चालत गेलो. काळी सायकल होती, तीपण घेतली नाही.

त्यानंतर सायकल उभीच. शेजारचा कारीगर म्हणायचा, "चाचा, घोड़ा बांध के रखा है, घास तो डालो." मुलगी सासरहून आली की म्हणायची, "बाबा, देऊन टाका ना कुणाला तरी. बघून बघून त्रास करून घेता." मी म्हणायचो, बघतो. देत पण नव्हतो. त्यात मी तेच केलं होतं जे बायकोने करू नको म्हटलं होतं. मागावरच्या माणसाला तेल म्हणजे कारखान्याचं तेल, दाराच्या बिजागरीलाही तेच घालतो आम्ही. चेनीला तेच घातलं होतं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग, हवेत रुई उडते, ती त्या तेलावर बसत गेली. वर्षभरात चेनीला पांढरी दाढी आली. पायडल फिरेना.

सासू मात्र येत राहिली. कोनहून डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन ती बाजाराला यायची, परतताना आमच्या ओट्यावर टेकायची. आधी तिची लेक चहा द्यायची, आता मी देऊ लागलो. आमच्यात सासू जावयाशी जास्त बोलत नाही. ती पदर पुढे ओढून भिंतीकडे बघत चहा प्यायची, मी रस्त्याकडे बघत. "साखर जास्त झाली," एवढं म्हणायची आणि जायची. पुढच्या वेळी मी साखर कमी टाकायचो, तर म्हणायची, "आज कमी हाय." सायकलीबद्दल एक शब्द नाही.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेले. सासूला उशीर झाला म्हणून ती मुक्कामाला राहिली. तिन्हीसांजेला ओट्यावर मी, मुलगी आणि सासू. मेव्हणा म्हणाला होता की सकाळी टेम्पो पाठवतो आईला न्यायला.

सासू सायकलकडे बघून म्हणाली, "हिला बुरशी आली की काय?"

मुलगी हसली. "रुई आहे आजी ती."

"वरीस झालं. आता काय कारण हाय?" हे मला.

मी म्हणालो, "मामी, एकट्याने जायचं मनात येत नाही. जिला न्यायची होती ती नाही."

"मला ठावं हाय कोन न्हाय ते. मीच काढली तिला पोटातून." मग पदर मागे सारून पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मी बसते मागं."

मला वाटलं, थट्टा करतेय. मुलगी म्हणाली, "आजी, अगं पडशील!"

"पाटी डोक्यावर घेऊन जल्म गेला माजा, पडले कवा? देवी माज्या गावची, मला घरी जायचंच हाय. टेम्पो कशाला?"

"मामी, लोक हसतील. सासू जावयाच्या सायकलवर..."

"हसू देत. तुजी बायको हसली असती सगल्यांत जास्त." आणि सायकलकडे बोट दाखवून म्हणाली, "धू तिला आदी."

मी उठलो. रॉकेलचा डबा, जुना ब्रश, चिंधी घेतली. चेन काढून रॉकेलात टाकली तर काळी-पांढरी लापशी निघाली. मुलीने घरातलं शिलाई मशीनचं पातळ तेल आणून दिलं, आईच्या मशीनचं. हवा भरली. कॅरिअर हलवून बघितलं. चामड्याचा तुकडा सुकून कडक झाला होता, पण होता जागेवर. खडखड नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, रस्त्याला ट्रकची गर्दी व्हायच्या आधी, सायकल बाहेर काढली. मुलीने नारळाची पिशवी हँडलला अडकवली. सासूने रिकामी पाटी मांडीवर घेतली आणि कॅरिअरवर बसली. शेजारचा कारीगर दात घासत उभा होता, ब्रश तोंडात तसाच राहिला. मी टांग टाकली. सवयीने विचारायला निघालो होतो, शब्द गिळला आणि म्हणालो, "बसलात, मामी?"

"कवाची. चालव ना, मानसं बगतात."

पायडल मारलं. पहिल्या खड्ड्याला मी अंग चोरून घेतलं, शिवीची वाट बघत. मागून काही आलं नाही. दुसरा, तिसरा. काही खड्डे मी चुकवले, काही मुद्दाम नाही चुकवले. ती एका हाताने माझा सदरा धरून होती, दुसऱ्या हाताने पाटी. कोनपर्यंत तशीच आली. गावात शिरलो तेव्हा ओट्यावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. एक ओरडली, "काय गं, वरातीला चाललीस?" सासू म्हणाली, "तुला न्हाय बोलावलं."

देवळापुढे सायकल लावली. तिने चाकाला हळदकुंकू लावलं, हँडलला, मग कॅरिअरलापण लावलं, हात थोडा वेळ तिथेच ठेवून. मी नारळ फोडला. एक वाटी देवीपुढे ठेवली, दुसरी तिला दिली. मला एकच विचारायचं होतं, वर्षभर कुणाला विचारता आलं नव्हतं.

"मामी, कंबरेला लागलं का?"

तिने खोबऱ्याचा तुकडा दाढेने तोडला, चावला. "जास्त न्हाय," म्हणाली. "चालली असती माज्या पोरीला."

मग पाटी काखोटीला मारून ती घराकडे गेली. मला शिफ्टला उशीर झाला होता. मी नारळाची रिकामी पिशवी कॅरिअरमध्ये दाबली आणि सायकलवर बसून निजामपुऱ्याला कामावर गेलो.