सरांनंतरचा उन्हाळा

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातल्या त्या कारकून बाईंना दहा मिनिटं एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे भिंगरी. नवरा तेवढा तोंडावरही भिंगरीच म्हणायचा.

दर उन्हाळ्यात ती तीन आठवडे रजा टाकायची आणि सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेत भरणाऱ्या संगीतवर्गाला स्वतःला जुंपून घ्यायची. तिथे चेंबर म्युझिक चालायचं. म्हणजे तिघाचौघांनी, समोर हात हलवून ताल दाखवणारा कुणी नसताना, एकमेकांकडे बघत वाजवायचं. वर्ग सरांचा. कुणी कुणाबरोबर वाजवायचं हे सर आणि भिंगरी दोघंच ठरवत. दंतवैद्याला भलती घाई, त्याच्याशेजारी थंड डोक्याचा माणूस हवा. व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणाऱ्या त्या दोघी बहिणींना एका गटात घालायचं नाही, त्या एकमेकींशी धड बोलत नाहीत. एकोणीस वर्षं हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. ती स्वतः काहीच वाजवत नव्हती. लहानपणी व्हायोलिन शिकायला घातलं होतं, पण एका जागी उभं राहवेना.

एका हिवाळ्यात सरांनी सगळ्यांना बोलावलं. "हाताला कंप सुटलाय, मी थांबतो," ते म्हणाले. "वर्ग कुणा एकाच्या नावावर करणार नाही. तुम्हीच संस्था काढा, तुम्हीच चालवा."

'तुम्हीच' म्हणजे आपणच, असं भिंगरी धरून चालली होती. पण पहिल्याच सभेत चेलो वाजवणारा बेकरीवाला उठला. गट यापुढे तिघांची समिती ठरवेल आणि समिती दरवर्षी निवडून द्यायची, असं त्याने मांडलं.

"एकोणीस वर्षं बिनतक्रार चाललंय की," भिंगरी म्हणाली.

"तक्रारी होत्या, ताई. फक्त सांगायच्या कुणाला, ते कळत नव्हतं."

हात वर झाले. भिंगरीच्या वाट्याला खोल्या आणि किल्ल्या आल्या.

घरी येऊन तिने कपाट आवरायला काढलं. नवरा म्हणाला, "तिसऱ्यांदा तेच कपाट. आता त्यालाच चक्कर यायची."

"हाती किल्ल्या ठेवल्या माझ्या."

"मग घरातलंच धरलं की तुला. किल्ल्या काय कुणाच्याही हाती देतात?"

रात्रभर ती कूस बदलत राहिली.

उन्हाळा आला. समितीने दंतवैद्य, बेकरीवाला आणि त्या दोन्ही बहिणी एकाच गटात टाकल्या. ही चौकडी नव्हे, चांडाळचौकडी, असं भिंगरी भेटेल त्याला सांगत सुटली. तिसऱ्या दिवशी ती व्हरांड्यातून जात असताना त्यांच्या खोलीतलं वाजणं मध्येच तुटलं. धाकटी म्हणत होती, "तू माझ्याकडे बघतच नाहीस. लहानपणापासून बघत नाहीस."

भिंगरीचा हात कडीवर गेला. सर असते तर दोन मिनिटांत गट बदलून मोकळे झाले असते. तिने कसाबसा हात मागे घेतला आणि समितीतल्या औषधदुकानवाल्या बाईंना गाठलं.

"पाच वाजता बैठक आहे, तिथे मांडा," त्या म्हणाल्या.

पाच वाजायला दोन तास होते. भिंगरीने नऊही खोल्यांचे फळे पुसले, काही तर दोनदा.

बैठकीत तिचं बोलणं झाल्यावर बाईंनी त्या चौघांनाच बोलावून विचारलं. थोरली बहीण म्हणाली, "बदलू नका. भांडण आमचं आहे, आणि तीस वर्षांनी आत्ता कुठे सुरू झालंय."

"मीसुद्धा कधी नव्हे ते थांबून ऐकतोय," दंतवैद्य म्हणाला. "घाबरून का होईना."

गट तसाच राहिला. शेवटच्या दिवशी कार्यक्रमात, संथ भागातच, ते चौघं चुकले आणि थांबले. थोरलीने धाकटीकडे बघून मान हलवली, आणि त्यांनी चार ओळी मागून पुन्हा धरलं.

पहिल्या रांगेतले सर भिंगरीकडे झुकले. "आपल्या वेळी असं झालं नसतं."

"नसतंच झालं. त्या दोघींना आपण एकत्र बसू दिलंच कुठे?"

बोलणं हवं होतं त्यापेक्षा धारदार निघालं. सरांनी थरथरता हात दुसऱ्या हाताखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्यांच्या घरी गेली. माफी मागायची होती. पण दार उघडताच सर म्हणाले, "आणखी कुणाकुणाला वेगळं ठेवलं आपण? आठव बरं." दुपारपर्यंत ती आठवत गेली आणि सर वेड्यावाकड्या अक्षरात लिहीत गेले. अकरा जोड्या निघाल्या. तो कागद तिने समितीला नेऊन दिला.

पुढच्या वर्षी ती समितीच्या निवडणुकीला उभी राहिली आणि दोन मतांनी पडली. त्याच्या पुढच्या वर्षी निवडून आली. आपण मत दिलं नाही, हे धाकट्या बहिणीने तिला तोंडावर सांगितलं, कारणही सांगितलं. भिंगरीने ते सगळं ऐकून घेतलं. पटलं मात्र नाही.